तीनशे मीटरचा रस्ता

भीमाच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन फोटो दिसायचे. एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा आणि तिसरा रस्त्याचा. रस्त्याचा फोटो काच लावून घरात टांगणारा दुसरा कुणी शिरूर अनंतपाळ तालुक्यात असेल असं मला तरी वाटत नाही.

खरं तर त्या फोटोत रस्ता कमी आणि माणसंच जास्त होती. मधोमध डोक्यावर पिवळी टोपी घातलेली, हातात फाईल धरलेली बुद्धप्रिया, म्हणजे भीमाची लेक. तिच्या एका बाजूला दोन साहेब, दुसऱ्या बाजूला तिचे कॉलेजचे सर. मागं डांबर पसरायचं मशीन. आणि अगदी डाव्या कडेला, शाळेच्या फोटोत उभं राहावं तसा ताठ, हातात लोखंडी दंताळं घेतलेला भीमा. त्याच्या पायाशी निळा प्लॅस्टिकचा कॅन. आल्यागेल्याला भीमा या फोटोतल्या एकेकाची ओळख करून द्यायचा. हे दिल्लीचे साहेब, हे नांदेडचे सर, ही आमची प्रिया. कॅनचं कधी कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानंही सांगितलं नाही.

भीमा सव्वीस वर्षं रस्त्यावर होता. शरणप्पा मुकादमाच्या टोळीत तो कडेचा माणूस. मशीन डांबराची खडी पसरतं हे खरं, पण कड आणि सांधा मशीनला जमत नाही. तिथं दंताळं घेतलेला माणूसच लागतो. तापल्या खडीवर वाकून, वाफ तोंडावर घेत, कुठं चिमूटभर ओढायची, कुठं ढकलायची, हे हाताला कळावं लागतं. भीमाच्या हाताला ते कळायचं. लातूर ते उदगीर कुठल्याही रस्त्यावरून जाताना एसटीच्या खिडकीतून तो कोंडाबाईला दाखवायचा, "ही कड माझी हाय." कोंडाबाई म्हणायची, "आन् ह्यो खड्डा कुनाचा हाय?" नवराबायकोचा हा संवाद ठरलेला होता.

अशा माणसाची पोरगी नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली आणि तिनं संशोधनाला विषय घेतला तो रस्त्याचाच. तोही इथल्या नव्हे, बर्फातल्या रस्त्याचा. जुन्या टायरांचा बारीक चुरा करून डांबरात मुरवायचा आणि त्या डांबराचा रस्ता थंड मुलखात घालायचा, असं ते संशोधन होतं. गावातल्या शहाण्यांनी भीमाला विचारून विचारून बेजार केलं. आपल्या तळपत्या उन्हात वाढलेल्या पोरीला बर्फाचं काय पडलंय?

पडलं होतं, कारण विनोद. भीमाचा थोरला मुलगा फौजेत ड्रायव्हर होता आणि दोन वर्षं लडाखच्या वाटांवर सामानाच्या गाड्या वर न्यायचा. फोनवर सांगायचा, "हिकडं डांबर काचंसारखं तडकतं, बाबा. तडकेत पानी शिरतं, रातीत गोठतं, आन् सकाळी रस्ता फुगून उलून पडल्याला ऱ्हातो. गाडी कवा घसरंल त्येचा नेम न्हाई." भीमा हे ऐकून "जपून चालव" एवढंच म्हणायचा. प्रिया मात्र तेवढ्यावर थांबली नाही. आपल्याकडं डांबर उन्हानं पाघळतं, तिकडं थंडीनं तडकतं. रबर थंडीतही थोडं ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. ते डांबरात असलं तर डांबरही ताणेल आणि तुटणार नाही. तिनं भीमाला हे सगळं एकदा भाकरी खाता खाता सांगितलं होतं आणि त्याला ते बरोबर कळलं होतं. लातूरच्या एमआयडीसीत जुन्या टायरांचा चुरा करणारा कारखाना होता. तिथून पोती भरून काळा चुरा विष्णुपुरीला गेला तेव्हा त्या गाडीत बसून भीमाही गेला होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आईस्क्रीमवाल्याकडून घेतलेला एक जुना डीप फ्रीझर होता. बाहेरच्या बाजूला अजून मँगो कुल्फीचं चित्र चिकटलेलं. आत काळ्या डांबरी वड्या मांडलेल्या. प्रिया त्यांना पाण्यात भिजवायची, गोठवायची, पुन्हा गरम पाण्यात सोडायची, आणि मग मशीनमध्ये दाबून बघायची. साध्या डांबराच्या वड्या फुटायच्या. रबराच्या टिकायच्या. भीमानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्या दिवसापासून त्याला वाटायला लागलं की विनोदच्या चाकाखालचा रस्ता आता आपलीच लेक करणार.

पण प्रयोगशाळेतल्या वडीवरून गाडी जात नाही. डोंगरातले रस्ते बांधणाऱ्या खात्याची एक समिती होती. तिनं अट घातली: आधी खाली, चालत्या रस्त्यावर, तिथल्याच टोळीकडून घालून दाखवा. वर्षभर टिकला तर विनोद गाडी चालवतो त्याच घाटात तीन किलोमीटर देऊ. नाही टिकला तर विषय संपला. अट सोपी होती, फक्त रस्ता कुणी देईना. प्रिया सहा महिने ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटी भीमा आपल्या ठेकेदाराकडं गेला. शिरूर अनंतपाळकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम तेव्हा त्याच्याकडं होतं. सव्वीस वर्षांत भीमानं मालकाकडं कधी काही मागितलं नव्हतं. टोपी हातात घेऊन म्हणाला, "मालक, तीनशे मीटर द्या. माझ्या लेकीसाठी." मालकालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं दिले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते काम झालं. टोळीसमोर उभं राहून प्रियानं सूचना दिल्या. ज्यांच्या मांडीवर ती खेळली त्यांनाच सूचना देताना तिचे कान लाल झाले होते. "काका, आज डिझेल कुठंच वापरायचं नाही. टिप्परला चुन्याचं पाणी मारायचं. दंताळ्या-फावड्यांना साबणाचं पाणी, ते बघा, ड्रम भरून ठेवलाय. डिझेलनं डांबर पातळ होतं, खडीला धरून राहत नाही. या डांबरात तर मुळीच नको." शरणप्पानं मान डोलावली. टोळीनं डोलावली. भीमानंही डोलावली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. रस्त्यावरच्या प्रत्येक टोळीजवळ डिझेलचा कॅन असतो. थालीपीठ थापताना बाईनं हाताला पाणी लावावं तसं हे लोक दंताळ्याला डिझेल लावतात. डांबर चिकटत नाही, खडी सरसर सरकते, कड गुळगुळीत येते. कुठल्या कागदात हे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते उलटच. पण बापानं पोराला शिकवावं तसं जुन्यानं नव्याला ते शिकवलेलं असतं. त्यानं रस्ता फुटतो का? फुटत असेल. आमच्याकडं रस्त्यांना फुटायला इतकी कारणं असतात की त्यात डिझेलची चौकशी कुणी करत बसत नाही.

त्या दिवशी पहिला टिप्पर रिकामा झाला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की हे डांबर वेगळं आहे. रबरामुळं ते भयंकर चिकट होतं. मधला पट्टा मशीननं नीट पसरला, पण डाव्या कडेला दंताळं लावलं की खडीचे गोळेच वर यायचे. साबणाचं पाणी मारलं, फेस झाला, गोळे तसेच. पन्नास मीटरपर्यंत डावी कड उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसायला लागली. समितीचे दोन साहेब गाडीतून उतरले होते. एकानं कडेकडं बघून दुसऱ्याला काहीतरी इंग्रजीत म्हटलं आणि घड्याळ बघितलं. भीमाला इंग्रजी येत नव्हतं. पण त्याला लेकीचा चेहरा वाचता यायचा. दहावीत गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा जसा झाला होता तसा तो झाला होता.

भीमा रोलरपाशी गेला आणि आपला निळा कॅन घेऊन आला.

लेकीचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं, असं नाही. समजलं नव्हतं, असंही नाही. पण त्याला वाटलं, पुस्तकातली सूचना ज्यांना हात नाही त्यांच्यासाठी असते. आपल्याला सव्वीस वर्षं झाली. आपण बेतानं मारू. आधी फक्त दंताळ्याला लावलं. मग गोळ्यांवर थोडं शिंपडलं. खडी सुटी झाली, सरकायला लागली. मग तो शिंपडतच गेला, वाकून, पाठ साहेबांकडं करून, अडीचशे मीटर. शरणप्पानं बघितलं आणि तोंड फिरवलं. प्रिया मशीनच्या पलीकडं थर्मामीटर घेऊन डांबराचं तापमान लिहून घेत होती.

रोलर फिरला तेव्हा डावी कड सारवलेल्या अंगणासारखी दिसत होती. दिल्लीचे साहेब चालत आले, बुटाच्या टोकानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "फिनिशिंग बहुत अच्छा है. किसने किया?" प्रियानं हात करून दाखवलं. "माझ्या वडिलांनी, सर," ती मराठीतच म्हणाली, आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं. साहेबांनी भीमाशी हात मिळवला. त्याचा हात डिझेलनं ओशट होता, तो त्यानं घाईघाईनं पँटला पुसला. मग फोटो निघाला. भीमाच्या जिंदगीतला तो सगळ्यात मोठा दिवस होता, आणि तो तसाच राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

पावसाळा गेला. रस्त्याला एक खड्डा पडला नाही. भीमा कामावर जाता-येता गाडी थांबवून बघायचा आणि विनोदला फोनवर सांगायचा, "टिकून ऱ्हायलाय बग." ऑक्टोबरात मात्र डाव्या कडेची खडी सुटायला लागली. आधी दाणा दाणा. मग ओंजळभर. दिवाळीपर्यंत ठिकठिकाणी चपट्या खळग्या झाल्या होत्या. मधला पट्टा शाबूत होता. पुढचा-मागचा साध्या डांबराचा रस्ताही शाबूत होता. तिथं खडी एवढी चिकटलीच नव्हती, दंताळ्याला पुसटसं डिझेल लावून भागलं होतं, खडीवर शिंपडायची वेळच आली नव्हती.

काय झालंय ते भीमाच्या हाताला कळलं होतं. डोक्याला त्यानं ते कळू दिलं नाही. त्यानं खराटा घेतला. रोज सकाळी कामाच्या आधी तो त्या तीनशे मीटरवर जायचा आणि सुटलेली खडी झाडून कडेच्या काटेरी झुडपात टाकायचा. जाणारे-येणारे हसायचे. "भीमा, सरकारनं झाडायला ठिवलं का तुला?" तो म्हणायचा, "हाव, ठिवलं." काय करणार बिचारा. झाडून रस्ता थोडाच जोडला जातो. पण हातात दुसरं काही नव्हतं, खराटा तेवढा होता.

नोव्हेंबरात प्रिया दोन दिवस घरी आली. रस्ता बघून आली, मोबाईलवर फोटो काढून आली. घरी आल्यावर खुर्चीवर उभी राहून तिनं भिंतीवरचा तो फोटो बराच वेळ जवळून बघितला. मोबाईलवर तिनं त्या फोटोचाही फोटो काढला. मग उतरली, हात धुतले आणि जेवायला बसली ती त्या भिंतीला पाठ लावून. आधी ती समोर बसायची. "आता आपल्या जाग्यावर बस की," कोंडाबाई म्हणाली. "इथं वारं लागतं आई," प्रिया म्हणाली. तिनं अर्धीच भाकरी खाल्ली. भीमाला वाटलं, कामाचा ताण असेल.

जानेवारीत समिती आली. तेच दोन साहेब, कॉलेजचे शिवशंकर सर, ठेकेदाराचा इंजिनिअर, शरणप्पा आणि प्रिया. भीमाला लाल झेंडा देऊन वाहनं थांबवायला दहा पावलांवर उभं केलं होतं. मशीननं रस्त्याला भोक पाडून गोल तुकडे काढले. मधल्या पट्ट्यातला तुकडा अखंड आला. डाव्या कडेचा मशीनमधून निघता निघताच हातात सुटला, रव्याच्या लाडवासारखा. दिल्लीच्या साहेबांनी त्यातला खडा गाडीच्या किल्लीनं खरवडला.

"डिझेल मारा था क्या?"

ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणाला, "नो सर. लेखी दिलंय आम्ही."

साहेबांनी शरणप्पाकडं बघितलं. "न्हाई साहेब," शरणप्पा जमिनीकडं बघत म्हणाला.

खरं सांगून टाकायला भीमा झेंडा खाली घेऊन एक पाऊल पुढं आलाही. तेवढ्यात साहेबांनी प्रियाकडं बघितलं.

"मी स्वतः दिवसभर उभी होते, सर," प्रिया म्हणाली. "नाही."

तिनं ते इतक्या शांतपणे म्हटलं की भीमाचं पाऊल तिथंच थांबलं. पाच माणसांदेखत तिनं 'नाही' म्हटलं होतं. आता त्यानं 'हो' म्हणायचं म्हणजे लेकीला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. त्याला वाटलं, पोरीला माहीतच नाही, ती आपली इमानानं बोलते आहे. मागं एक उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता. भीमानं झेंडा पुन्हा वर धरला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ हिशेब मांडला. खडी तीच, टोळी तीच, मशीन तेच, शेजारचा साधा रस्ता ठणठणीत. नवीन काय, तर रबर. मग दोष कुणाचा? समोर जे दिसतं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. जाताना त्यांनी प्रियाच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रयोगशाळेत आणि रस्त्यावर फरक असतो बेटी," असं काहीतरी म्हणाले. डोंगरातले तीन किलोमीटर तिथंच गेले.

पुढचे दोन महिने भीमा कामावर जात होता, जेवत होता, झोपत होता. नुसता. मार्चमध्ये एका दुपारी विनोदचा फोन आला. "बाबा, प्रियाचा रस्ता हिकडं कवा येनार? आमच्या सायबालाबी म्या सांगून ठिवलंय. काल वळनावर माझी गाडी आडवी झाली. कायबी झालं न्हाई, घाबरू नका. पन खाली बगितलं तं लई खोल व्हतं." भीमा म्हणाला, "यील." दुसरं काय म्हणणार. फोन ठेवला, कोंडाबाईला कामाचं निमित्त सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून नांदेड गाठलं. वाटेत अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा चहासुद्धा घेतला नाही.

विष्णुपुरीला तो पोचला तेव्हा प्रिया मुलांचा तास घ्यायला गेली होती. ते बरंच झालं. शिवशंकर सर खोलीत एकटे होते. भीमानं जय भीम केला, खुर्ची दिली तरी उभाच राहिला आणि म्हणाला, "सर, डिझेल म्या मारलं. अडीचशे मीटर. डाव्या कडंनं. प्रियाला म्हाईत न्हाई. मुकादमानं माझ्यापायी खोटं सांगितलं. तुमी सायबाला लिहा. माझं नाव लिहा. म्या अंगठा न्हाई, सही करतो."

सरांनी उठून दार लावलं.

"भीमराव, तुम्ही हे मला सांगितलं नाही, असं मी समजतो."

"कामून, सर?"

"मी आज लिहिलं, तर ते पहिला प्रश्न काय विचारतील? हा माणूस कोण? संशोधन करणाऱ्या मुलीचा बाप. मग म्हणतील, बापाला कामावर ठेवून चाचणी घेतली, बापानं काम बिघडवलं आणि मुलीनं समितीसमोर 'नाही' सांगितलं. अहवालाखाली तिची सही आहे. रबराचं राहील बाजूला, तिचं आजवरचं सगळं काम खोटं ठरेल. फ्रीझरमधल्या वड्यासुद्धा."

"तिला म्हाईत नव्हतं म्हनून सांगा की."

सरांनी कपाटातून एक जाड अहवाल काढला आणि एक पान उघडून भीमापुढं ठेवलं. इंग्रजी मजकूर होता. मधे फोटो होता. भीमानं तो लगेच ओळखला. मधोमध प्रिया, दोन साहेब, सर, मागं मशीन, डाव्या कडेला दंताळं घेतलेला तो स्वतः. पण काहीतरी वेगळं होतं. त्यानं पान डोळ्यांजवळ घेतलं. घरातल्या फोटोत तो पायातल्या बुटांपर्यंत दिसायचा. इथं सगळेच गुडघ्यांपासून वर होते. खालची पट्टी सरळ कापलेली होती, निळ्या कॅनसकट.

"हा फोटो तिनंच घातलाय," सर म्हणाले. "पूर्ण फोटो माझ्याकडंही आहे. मी तिला विचारलं नाही आणि तिनं मला सांगितलं नाही. तुमचं काम जाईल, शरणप्पाची टोळी जाईल, आणि गावात तुम्हाला काय काय ऐकावं लागेल, हा विचार तिनं केला असणार. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही."

भीमा खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. सरांनी त्याला उठवलं नाही. माझ्या मते ते त्यांनी बरं केलं.

म्हणजे नोव्हेंबरात, खुर्चीवर उभी राहिली त्या दिवशीच तिला कळलं होतं. जानेवारीत ती 'नाही' म्हणाली ते कळून म्हणाली होती. त्यानं लेकीसाठी रस्ता मागितला, त्यानंच तो घालवला, आणि तो घालवला हे बोलायची सोयही आता उरली नव्हती. लेकीनं बापाला झाकलं होतं आणि बापानं तोंड उघडलं की लेकच उघडी पडणार होती. खरं सांगायला माणूस दीडशे किलोमीटर येतो आणि ते खरं कुणाच्याच कामाचं नसतं, यावर कुठं दाद मागायची?

दारावर टकटक झाली. प्रिया आत आली. बापाला जमिनीवर बसलेला बघितलं, टेबलावरचा उघडा अहवाल बघितला. तिनं पुढं होऊन तो मिटला.

"बाबा, कधी आलात? जेवलात का?"

"न्हाई."

"चला, डबा आहे माझा. दोघांना पुरेल."

प्रयोगशाळेत एका कोपऱ्यातल्या बाकावर बसून त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. फ्रीझर बंद होता. त्याचं झाकण उघडं टाकून आत फडकं वाळत घातलं होतं. रबराच्या वड्या एका पोत्यात भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. भीमानं त्यातली एक उचलली. टणक होती, एकही चीर नव्हती. त्यानं ती अंगठ्यानं दाबली, मग परत पोत्यात ठेवली.

"फ्रीजर कामून बंद केला?"

"विषय बदललाय, बाबा. आता सिमेंटच्या विटांचं काम दिलंय सरांनी. डिग्री होऊन जाईल." तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढं सरकवला. "दादाला मी सांगेन. तुम्ही काही सांगू नका."

"प्रिया..."

"ठेचा तिखट झालाय का?"

"न्हाई," भीमा म्हणाला. "बराय."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं स्टूल घेतलं आणि फोटो उतरवायला हात घातला. कोंडाबाई चुलीपाशी होती. तिनं मान वळवून विचारलं, "कामून काढताव?" धूळ बसली म्हणावं तर पुसून परत लावावा लागणार. खरं कारण सांगितलं तर ते आज कोंडाबाईला, उद्या विनोदला आणि परवा पाणवठ्यावर कळणार. त्यानं काच बनियननं पुसली. कॅनवरून दोनदा पुसली. कॅन पुसून जात नाही. मग फोटो परत खिळ्याला अडकवला.

चौदा एप्रिलला प्रिया घरी आली. मिरवणूक झाली, घरात खीर झाली. परगावची दोन पाहुणी माणसं आली होती. त्यांना कोंडाबाईनंच हौसेनं फोटो दाखवला. हे दिल्लीचे साहेब, हे नांदेडचे सर, ही आमची प्रिया, आन् हे आमचे धनी, कसे बगा ताठ उभे हायत. पाहुण्यांनी रस्ता कसा आहे विचारलं. भीमा म्हणाला, चांगला आहे. पाहुणे गेले.

कोंडाबाईनं ताटं वाढली. प्रिया आपल्या जागी, भिंतीला पाठ लावून बसली. भीमाची जागा समोर होती, वर्षानुवर्षांची. तिथून तिन्ही फोटो सरळ दिसायचे. तो ताटापाशी आला, थांबला, मग ताट उचलून लेकीच्या शेजारी जाऊन बसला. प्रियानं मान न वळवता जरा सरकून जागा केली.

"आता ही काय नवी तऱ्हा," कोंडाबाई खिरीची वाटी घेऊन आली. "दोगंबी भिताडाला पाठ लावून बसलाव. म्या एकलीनंच बगत बसू का त्या फोटूकडं?"

प्रियानं आपल्या वाटीतली अर्धी खीर बापाच्या वाटीत ओतली, आणि भीमा खाली मान घालून ती खायला लागला.